लाईनमन काकांनी उघडलेलं दार

घरात उभं राहून ‘झालं काम’ असं लाईनमन काका कधीच म्हणाले नाहीत. कोणाचं बंद पडलेलं इंटरनेट सुरू करोत की नवा राउटर बसवून देवोत, हात पुसले की चपला घालायच्या, जिने उतरायचे, फाटक ओलांडून समोरच्या पिठाच्या गिरणीपाशी जायचं आणि तिथे उभं राहून आपल्या मोबाईलवर पाहायचं, हा त्यांचा नेम. आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. मुलुंड पूर्वेला अशा चार मजली इमारती अजून आहेत, त्यांना रिडेव्हलपमेंटची पत्रं येतात आणि कपाटात पडून राहतात. काकांचं वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. “अहो काका, दिसतंय की इथे!” असं कोणी म्हटलं की ते चष्म्यावरून बघायचे. “घरात बसान बघलास तर दिसतलाच गो. भायरसून दिसाक व्हया.” आणि निघायचे. गिरणीवाल्याला त्यांची इतकी सवय झाली होती की ते रस्ता ओलांडताना दिसले की तो स्टूल पुढे करायचा.

ही सवय नोकरीतली. टेलिफोन खात्यात ते पस्तीस वर्षं लाईनमन होते. तेव्हा खांबावर चढून जोडणी केली की ते ज्याची लाईन त्याच्या घरी आधी जात नसत. चार घरं सोडून कोणाकडे तरी जायचं, तिथून नंबर फिरवायचा आणि खिडकीतून घंटा ऐकू येते का बघायचं. निवृत्त झाले आणि पाठोपाठ त्या तारांचे दिवसही संपले. दुसरा कोणी असता तर पेपर वाचत गॅलरीत बसला असता. काकांनी राउटरची इंग्रजी माहितीपत्रकं जमवली, भिंगातून वाचली आणि समासात पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहून ठेवले. सहा महिन्यांत दोन्ही विंगमधली माणसं त्यांना हाका मारायला लागली. खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीवर होतं, पण ते फक्त पोस्टमन वाचायचा.

बोलणं त्यांचं मालवणी. इतकी वर्षं मुंबईत काढून ते पुसलं गेलं नव्हतं. मात्र अनोळखी माणूस समोर आला की ते एकदम शुद्ध बोलायला लागायचे, ‘आपली तक्रार नोंदवली आहे’ अशा थाटात. ते मालवणीत बोलले तर आपण त्यांच्या घरातले, हे आम्हाला कळायचं.

माझं त्यांच्याशी काम पडलं ते आईमुळे. आईला विसर पडायला लागला होता. सुरुवातीला चष्मा, किल्ल्या, शेजारणीचं नाव. मग एकदा गॅस सुरू ठेवून ती बाल्कनीत जाऊन बसली. दिवसभर सांभाळायला एक मावशी ठेवल्या, पण त्याही दुपारी दूध आणायला, औषध आणायला बाहेर पडायच्या. मी पवईला एका ऑफिसात. निवृत्तीला सहा वर्षं होती आणि घर माझ्या पगारावर चालत होतं. धाकटा भाऊ सुधीर मस्कतला. म्हणजे नोकरी सोडता येत नव्हती आणि आईला एकटं टाकता येत नव्हतं.  शेवटी मी कॅमेरे बसवून घेतले, एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघराच्या दाराशी, आणि दोन्हींचं रेकॉर्डिंग करणारा एक डबा टीव्हीखाली. बसवणाऱ्याने माझ्या मोबाईलवर आईची खुर्ची दाखवली, “मॅडम, दिसतंय ना? झकास!” म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचून मोबाईल उघडला तर नुसता काळा चौकोन आणि त्यात गोल गोल फिरणारी रेघ.

रविवारी काका आले. सगळं ऐकून घेतलं आणि राउटरला हात न लावता आधी आईच्या शेजारी जाऊन बसले. “काय वयनी, बरां मा?” आई हसली. तिला ते कोण ते आठवत नव्हतं, पण मालवणी आठवत होती. मग त्यांनी मला समजावलं. राउटर म्हणजे घराचं दार. आतली माणसं बाहेर जाऊ शकतात, बाहेरचं कोणी आत येऊ शकत नाही, ते बरंच आहे. तुला पवईहून आत यायचं तर एक ठरावीक दार तुझ्यासाठी उघडून, तिथून आलेल्याला सरळ त्या टीव्हीखालच्या डब्याकडे पाठवायचं, असं राउटरला सांगावं लागतं. ह्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. “पण येवचो कोण हा, ता आधी सांग,” ते म्हणाले. “मीच, काका. अजून कोण?” “बस. एकटी तूच.” त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

एवढं सोपं होतं तर एका सकाळीत व्हायला हवं होतं. तीन रविवार लागले. पहिल्या रविवारी सगळं करून काका गिरणीपाशी गेले आणि दहा मिनिटांनी धापा टाकत परत वर आले. दिसत नव्हतं. बऱ्याच शोधानंतर कळलं की इंटरनेट कंपनीची एक पेटी दाराशी आणि माझा स्वतःचा राउटर हॉलमध्ये, अशी दोन दारं होती. आम्ही आतलं उघडलं होतं आणि बाहेरचं बंदच होतं. “फाटकावरच्या वॉचमनाक कोणी सांगूकच नाय,” काका म्हणाले आणि स्वतःवरच चिडले. पुढच्या रविवारी दोन्ही उघडली, एक दिवस चाललं, मग वीज गेली आणि आली, आणि डब्याला राउटरने भलताच नंबर देऊन टाकला. आलेला पाहुणा आता आमच्या टीव्हीच्या दारावर टकटक करत होता. काकांनी डब्याचा नंबर कायमचा बांधून टाकला. तरी दिसेना. त्याच आठवड्यात कंपनीने आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना मिळून बाहेरचा एकच पत्ता दिला होता, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला आमचं घर सापडणारच नव्हतं. वेगळा पत्ता द्या म्हणून काका कंपनीच्या कचेरीत दोन सकाळी जाऊन बसले. मी ऑफिसात होते. तिथे ते काय बोलले मला माहीत नाही, पण शुद्ध मराठीत बोलले असणार, कारण पत्ता मिळाला.

तिसऱ्या रविवारी मी खिडकीत उभी होते आणि काका गिरणीपाशी. फोन वाजला. “तुझी आवस दिसता गो!” काका ओरडत होते, फोनची गरज नव्हती इतक्या मोठ्याने. “मटार सोलता हा. अर्धे सोलता नि अर्धे खाता!” मी मागे वळून पाहिलं. आई खरंच मटार खात होती. मी तिथेच खुर्चीत बसले आणि रडले. इतक्या महिन्यांचा शीण एकदम बाहेर आला.

वर येऊन काकांनी माझ्यासमोर स्वतःच्या मोबाईलमधून ते अ‍ॅप काढून टाकलं. मी म्हटलं, राहू दे की, कधी लागलं तर. “नको. बायकामाणसांचा घर तुमचा. माका कित्याक व्हया?” मग पासवर्ड. डब्याचा मूळ पासवर्ड त्यांनी मला बदलायला लावला, बारा अक्षरांचा, आणि मी टाईप करत असताना भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, जणू मी साडी बदलत होते. मला हसू आलं. ते हसले नाहीत. “कोणाक सांगू नको. माका पण नाय. दार आता उघडां हा, ध्यानात ठेव.”

पुढचे आठ महिने मी दोन ठिकाणी जगत होते. ऑफिसात मीटिंग चाललेली, मोबाईल मांडीवर, त्यात आई खुर्चीत. ती उठली की माझा जीव वर, बसली की खाली. कॅमेऱ्यातून बोलताही यायचं. “आई, गोळी घे गं,” मी पवईहून म्हणायची आणि ती देवघराकडे बघून हात जोडायची. संध्याकाळी घरी पोचायची तेव्हा मी दिवसभर घरीच असल्यासारखी दमलेली असायची. पण नोकरी टिकली, आई सुखरूप राहिली. मी काकांना दिसेल तिथे हात जोडायची आणि ते “जावंदे गो” म्हणून पुढे जायचे.

मग ती दुपार आली. मावशींचा फोन आला तेव्हा त्या रडत होत्या. त्या दूध घेऊन परत आल्या तर हॉलमध्ये कोणी पुरुष बोलत होता. घरात कोणी नव्हतं. आवाज कॅमेऱ्यातून येत होता. ‘ए बुढिया’ म्हणून हाका, हसणं, घाणेरडं काही. आई त्या आवाजापासून पळताना पॅसेजमध्ये पडली होती आणि मनगट धरून कण्हत होती. मी रिक्षाने कशी पोचले मला सांगता येणार नाही. पोचल्या पोचल्या डब्याची वायर ओढून काढली. आई मला बघून म्हणाली, “ताई, इथे नको राहूया. इथे माणूस आहे.” तिने मला ताई म्हटलं, ह्याचंही तेव्हा काही वाटलं नाही.

मी खाली गेले. काका कंपाउंडमध्ये बाकावर बसले होते, भोवती आणखी पाच-सहा जण. मी सगळ्यांसमोर बोलले. “तुम्ही दार उघडं टाकलंत काका! आमच्या घरात कोण घुसलंय माहितीये तुम्हाला? आईची वाट लागली! जमत नाही तर कशाला हात घालता?” आणखीही बोलले. ‘सगळं तुम्हालाच तर माहीत होतं’ असंही बोलले, आणि त्याचा जो अर्थ निघतो तो मला कळत होता. काका उठून उभे राहिले. “आवस कशी हा?” एवढंच विचारलं. मग माझ्या मागून हळूहळू चार जिने चढले, वायर परत लावली, मला पासवर्ड टाकायला लावून डब्यात दहा मिनिटं काहीतरी वाचत बसले आणि मला विचारलं, “पासवर्ड कोणाक दिलंस काय?” मी म्हटलं, “मी कशाला कोणाला देऊ?” मग त्यांनी राउटरमध्ये जाऊन पोर्ट बंद केला, दाराशी चपला घालताना म्हणाले, “पोर्ट बंद केला आहे. आता बाहेरून कोणालाही दिसणार नाही.” शुद्ध मराठीत. मला लागायला हवं होतं, पण मी आईच्या हाताला बर्फ लावत होते.

आईचं मनगट सहा आठवड्यांनी सांधलं. ती हॉलमध्ये मात्र पुन्हा कधी बसली नाही. मी लांब रजा टाकली, मग अर्ध्या पगारावर घरून काम मागून घेतलं. आणि माझं कंपाउंडमधलं बोलणं दोन्ही विंगमध्ये फिरलं. लाईनमन काका दारं उघडी टाकतात, म्हातारा आता विसरतो, आणखी कोणी कोणी हळू आवाजात काय काय. त्यांना हाका येणं बंद झालं. ते बाकावर यायचेही बंद झाले. मला फाटकापाशी एकदा दिसले तेव्हा मी नमस्कार केला नाही.

दिवाळीत सुधीर आला. त्या दुपारबद्दल मी त्याला काही कळवलं नव्हतं. एवढ्या लांब बसून तो काय करणार होता? आई पडली, एवढंच सांगितलं होतं. फराळ करताना तो सहज म्हणाला, “ताई, तो कॅमेरा पुन्हा सुरू कर ना गं. मला आई दिसायची रोज. बरं वाटायचं.” मी विचारलं, तुला कसा दिसायचा? “अगं, तूच नाही का पासवर्ड पाठवलास, मी आजारी होतो तेव्हा? तो कसला लांबलचक, रोज कोण टाकणार? मग मी आत जाऊन माझ्या नावाने वेगळं खातं उघडलं. पासवर्ड एक ते आठ. डोक्याला ताप नाही.” आणि त्याने करंजी तोंडात टाकली.

मी तो पासवर्ड पाठवला होता. तापाने फणफणलेला भाऊ आईला बघायचंय म्हणाला आणि मी पाठवला, आणि विसरून गेले. आईचा विसर सगळ्यांना दिसत होता. माझा कोणाला दिसला नाही.

मी त्याच संध्याकाळी काकांकडे गेले. त्यांच्या हॉलमध्ये खोकी होती. काकू गेल्यापासून ते एकटेच राहत, आता कुडाळकडच्या गावी पुतण्याकडे निघाले होते. मी दारातच म्हटलं, “तुम्हाला माहीत होतं.”

“डब्यातल्या यादीत नाव होता,” ते म्हणाले. “सुधीर म्हणान. खाता कधी उघडला, ती तारीख पण होती. तो मेलो बाहेरचो त्याच नावान आत इलो.”

“मग बोलला का नाहीत? मी एवढं बोलले तुम्हाला, सगळ्यांदेखत!”

काका खोक्याला सुतळी बांधत होते. त्यांनी आधी गाठ पक्की केली. “तू त्या दिवशी कसली पेटलेली. भावाचा नाव घेतलंय असतंय तर जन्मात त्याचा तोंड बघलंस नसतंस. आवस किती दिवसाची, चेडवा? ती गेल्यार तुका भावाशिवाय कोण असा? मी काय, बाजूच्या विंगेतलो माणूस.”

मी म्हटलं, मी उद्या सगळ्यांना सांगते, सुधीरने काय केलं ते. त्यांनी मान हलवली. “सांगू नको. आता ता माझ्या काय उपेगाचा? माका पण कंटाळो इलो हा. पाय चलनत नाय.” त्यांनी चहा केला. कोरा, गूळ घातलेला. आम्ही प्यालो. मला माफी मागायची होती, आणि मी चहा छान झालाय असं म्हणाले.

ते गेले त्या सकाळी मी आईला आंघोळ घालत होते. टेम्पो गेल्याचा आवाज फक्त ऐकला.

आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. सुधीर आला, तेरा दिवस राहिला, दोघांनी मिळून तिच्या साड्या वाटल्या. आता तो रोज संध्याकाळी फोन करतो. जेवलीस का, गुडघा कसा आहे, एवढंच असतं. काका म्हणाले होते तसंच झालं, मला त्याच्याशिवाय कोणी नाही. त्याला अजून काही माहीत नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर काका गेल्याचं आलं. संध्याकाळी कंपाउंडमध्ये त्यांचा फोटो ठेवून पंधरावीस माणसं जमली. चेअरमननी टेलिफोन खात्याचं सांगितलं, कोणी गिरणीचं सांगितलं, सगळे हसले. मग मागे कोणीतरी हळूच म्हणालं, “शेवटी शेवटी जरा विसरायला लागले होते बिचारे.”

मी उभी राहिले. सुधीरचं नाव घ्यायचं नाही, हे ठरलेलं होतं. तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार हे मला ठाऊक नव्हतं. “काका काही विसरले नव्हते,” मी म्हटलं. “पासवर्ड मी दिला होता दुसऱ्याला. त्यांनी बजावलं असताना दिला. आईला जे झालं, ते माझ्या चुकीमुळे.”

दोघी-तिघींनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग एक बाई म्हणाल्या, “जाऊ दे गं, झालं ते झालं,” आणि विषय पाण्याच्या टाकीवर गेला.

मी खाली बसले. ह्यात भावाचं नाव कुठेच आलं नव्हतं आणि एकही शब्द खोटा नव्हता. काका खोकी बांधत होते त्या दिवशीही हे मला म्हणता आलं असतं. ते हातात सुतळी घेऊन माझ्यासमोर बसले होते, आणि मी सुधीरची चूक सांगायला निघाले होते. माझी सांगायचं मला सुचलंच नाही.